चाबी मुर्तिजापुरात, गाडी बोरगावात

आमच्या घरी एक गाडी आहे, आणि ती आल्यापासून आम्ही जास्त चालतो.

थट्टा नाही! बाबा पाटबंधारे खात्यात. आयुष्यभर स्कूटर चालवली आणि रिटायरमेंट जवळ आल्यावर म्हणाले, एक साधी गाडी घेऊ. मी (घरातली एकमेव गाडीतज्ज्ञ, पात्रता: मोबाईलवर पाहिलेले सतरा व्हिडिओ) त्यांना साधी घेऊच दिली नाही.

"बाबा, घ्यायची तर सेडान! टॉप मॉडेल! बटण दाबलं की सुरू, चाबी लावायचीच नाही!"

"चाबी लावाची नाही, तं मंग चाबी द्यूनच काहून राहिले?"

तेव्हा मी हसले होते. आता हा प्रश्न रोज आठवतो.

गाडी आली, पांढरीशुभ्र. त्याच वर्षी पाऊस गेला. आम्ही राहतो अमरावतीला, पण आमचं गाव दर्यापूरकडे. गावात कोणाची कपाशीची पऱ्हाटी वाळलेली, कोणाच्या सोयाबीनला शेंगच नाही, आणि आपण तिथे चकचकीत गाडीतून उतरायचं? बाबांना लाज वाटायची. म्हणून ते गावाच्या दीड किलोमीटर अलीकडे, नाल्याजवळच्या बाभळीखाली गाडी लावायचे, आणि पुढे आम्ही तिघं पिशव्या घेऊन पायी! शेषराव काकांनी (बाबांचे लहान भाऊ) विचारलं की बाबा ठोकून द्यायचे, "एसटीनं आलो." काका नुसते मान हलवायचे. (त्या वेळेला एसटीच नव्हती. हे आम्हाला फार उशिरा कळलं.) एसीत बसून घामाघूम पोचणारं दुसरं कुटुंब वऱ्हाडात नसावं. तीन वर्षं हेच. थकलो हो!

तर तो दिवस. सरकारी भरतीच्या निवड यादीत माझं नाव लागलं होतं. (हो, माझं! सातव्या परीक्षेत!) कागदपत्रांची पडताळणी अकोल्याला, शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचच्या आत. नाही पोचलं तर माझ्या खालच्या नंबरवालीला बोलावणार. मी म्हटलं, एसटीनं जाते. बाबा भडकले, "मंग गाडी का पाहाले घेतली?" आई म्हणाली, मलेही वाटेत मुर्तिजापूरले मावशीकडं सोडा. फाईल डिक्कीत टाकली आणि अमरावतीहून निघालो.

आता आमच्या घरचा एक नियम सांगते. बाबा वस्तू हरवतात, मी विसरते, म्हणून किंमती सगळं आईच्या पर्समध्ये. गाडीची चाबीसुद्धा तिथेच, लवंगांच्या डबीशेजारी. गाडीला काय, चाबी आत कुठेही असली की झालं!

मुर्तिजापुरात मावशीच्या दारात बाबांनी गाडी बंदच केली नाही. बंद केली असती तर मावशीनं चहा मांडला असता, चहामागून पोहे, पोह्यांमागून मावसभावाच्या लग्नाचा अल्बम. "उतर, उतर लवकर, गाडी चालू हाय!" आई उतरली. आम्ही सुटलो.

टुंग!

समोरच्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं. टुंग! टुंग!

"काय म्हनते वं हे?"

"काही नाही बाबा. मागचं दार नीट लागलं नसन. ते असंच वाजते." आणि मी ओके दाबून टाकलं. न वाचता. (सतरा व्हिडिओ!)

बोरगावच्या अलीकडे रस्ता बंद. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको! आडव्या बैलगाड्या, घोषणा, मधोमध बसलेली माणसं. आमच्यापुढे ट्रक होता. त्याच्या बाजूनं घुसायला बाबांनी स्टेअरिंग उजवीकडे गरगर फिरवलं, पण जागा नव्हती. मग त्यांनी रेल्वे फाटकावर तीस वर्षं जे केलं तेच केलं. गाडी बंद केली.

"पेट्रोल का फुकट येते?"

सव्वातीनला अधिकाऱ्यांनी येऊन निवेदन घेतलं. बैलगाड्या बाजूला झाल्या, ट्रक हलला. बाबांनी बटण दाबलं. टुंग. परत दाबलं. टुंग. या वेळी मी स्क्रीन वाचली. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण.

"बाबा, चाबी नाही म्हनते."

"चाबी कोठी हाय?"

"आईच्या पर्समध्ये."

"आन् आई?"

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. मागच्या सीटवर आईची पाण्याची बाटली होती फक्त.

मागून हॉर्न सुरू झाले. उपरणं गुंडाळलेला एक आंदोलक काचेशी आला. "काय झालं साहेब? सुरू नाही होत? धक्का मारतो ना! ए पोट्टेहो, या बे!" मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत आठ जण भिडले. पण स्टेअरिंग उजवीकडे वळलेलं, आणि तसंच लॉक झालेलं! गाडी झोकात वळली, रस्त्याच्या पार आडवी गेली, पुढची चाकं डांबराखाली उतरली आणि तिचं बुटकं पोट कडेला टेकलं. मोटारसायकल सोडून कशालाच वाट उरली नाही. सकाळपासून सहा बैलगाड्या मिळून जे करत होत्या, ते आमच्या एकट्या टॉप मॉडेलनं करून दाखवलं!

पोलीस धावत आला. "ओ साहेब! आंदोलन संपलं! निवेदन गेलं! आता तुमची कोनती मागनी रायली?"

बाबा थकलेल्या आवाजात म्हणाले, "चाबी."

एक जण भला होता. म्हणाला, चाल बाई, मी तुले मोटारसायकलनं अकोल्याले सोडतो. पण फाईल डिक्कीत, आणि डिक्की उघडणार चाबीनं! (हे फीचर मीच बाबांना कौतुकानं सांगितलं होतं.)

बोनेटला टेकून, हात उंच करकरून रेंज शोधली आणि स्पीकरवर ओरडले, "आई! चाबी!"

"हाय ना माह्यापाशी! माह्यापासून का काही हरपते?"

"अगं, तिच्याबिगर गाडी सुरू नाही होत!"

"मंग नेली काहून नाही?"

"ते सोड, एसटीनं घेऊन ये!" बिचारी चहा न पिताच एसटीत बसली. चारच्या सुमाराला तिचा फोन. "बस अटकली वं. पुढं लय मोठा जाम हाय. कंडक्टर म्हनते, कोन्या दीडशहान्यानं गाडी आडवी लावली."

"आई... ते बाबा हायेत."

आईचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोल, कंडक्टर आयकन."

म्हणजे पाहा! चाबीशिवाय गाडी हलत नाही, आणि गाडी हलल्याशिवाय चाबी येत नाही! शेवटी आई बसमधून उतरली आणि दोन किलोमीटर उन्हात चालत आली, डोक्यावर पदर, हातात पर्स. ती दारापाशी पोचली आणि गाडीनं चटकन लाईट लुकलुकवले. तीन वर्षं दर रविवारी मी तिला धुतलं, ओळख मात्र आईला दाखवली! रिव्हर्स गिअर, त्याच आठ जणांचा उलटा धक्का, आणि निघालो. अकोल्यापर्यंत आई एकच वाक्य बोलली. "मले चहा पन नाही पेऊ देला."

पाच वाजून दहा मिनिटं. मी फाईल छातीशी धरून जिना चढले. डोळ्यांत पाणी. शिपाई म्हणाला, "बसा म्याडम. साहेब अमरावतीच्या मीटिंगवरून यूनच राहिले. बोरगावपाशी अटकले होते."

पावणेसहाला साहेब आले, लालबुंद. "काय लोक आहेत! आंदोलन संपलं तरी एका पांढऱ्या गाडीवाल्यानं दीड तास रस्ता अडवला!"

"हो ना सर," मी म्हटलं. "कोण असतात हे लोक!"

सगळ्या कागदांवर सही झाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आडवी गाडी, खाली मान घातलेले बाबा, आणि बोनेटला टेकून, हात उंचावून, तोंड उघडं टाकलेली मी. (रेंज शोधत होते हो!) वर ठळक अक्षरात: कापसाच्या भावासाठी युवतीने रोखला महामार्ग.

सकाळीच शेषराव काकांचा फोन. "दादा, पेपर पाहिला. आमच्यासाठी तुनं गाडी आडवी लावली?"

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला, काका बोलतच होते.

"तीच ना, नाल्यापाशी बाभळीखाली उभी रायते ते? घरापर्यंत आनत जा आता. मानसानं किती चालावं?"

तीन वर्षं काकांना माहीत होतं! बाबांना राहवलं नाही. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं: मावशी, पर्स, टुंग, मी दाबलेलं ओके, सगळं. पलीकडून फोन फुटेल असं हसणं.

"दादा, सोमवारी दर्यापूरले रास्ता रोको हाय. बैलगाड्या पोलीस हाकलून देतेत. तू गाडी घेऊन ये. वैनीले गावाबाहेर बाभळीखाली उतरवजो, चाबीसकट. पोट्टीले मातर पुढं बसवजो. तिले गाडीतलं सारं समजते!"