तिच्या लावणीचा दिवस

आमच्या वेल्ह्याच्या बाजूला अजून बऱ्याच घरांची भातलावणी सावडीवर होते. आज तुम्ही माझ्या खाचरात आलात, तर तुमच्या लावणीला मी येणार. पैशाचा विषयच नाही. ज्याचं शेत त्याच्याकडं दुपारचं जेवण आणि चारचा चहा. आठ-पंधरा दिवस बायका अशा या बांधावरून त्या बांधावर फिरतात आणि शेवटी कुणाचं कुणाकडं काही राहत नाही. हे मी आता मोठ्या ऐटीत सांगते आहे, पण सावड म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. मी भोरची. वडील कचेरीत, आई घरी शिवणकाम करायची. भाताची खाचरं आमच्या मागच्या खिडकीतून दिसायची, पण तिथून तांदूळ घरात येईपर्यंत काय काय होतं याच्याशी आमचं देणंघेणं नव्हतं.

लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच आषाढात माझी अब्रू गेली. लावणीत बायका एका रांगेत उभ्या राहतात, प्रत्येकीला आपापली पात असते आणि रोपं लावत लावत मागं सरकायचं असतं. बाकीच्या बांधाला टेकल्या तरी मी मधेच चिखलात. "बीकॉम झालीया न्हवं, एकेक काडी मोजून लावती," असं सासू सगळ्यांसमोर म्हणायची. सात वर्षं झाली तरी माझा हात काही चालेना. घरात मी उलट उत्तर द्यायला कमी करत नाही, पण खाचरात मला तोंड नव्हतं.

ओढ्यापलीकडं पुण्याच्या एका मालकांचा बंगला आहे. तो राखायला झारखंडचा एक माणूस होता. वर्षभर एकटा राहिला आणि मग गावी जाऊन बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन आला. आमच्या गावानं त्या बाईचं नाव कधी विचारलं नाही. ती 'बंगल्यावरची'. मला नाव ठाऊक आहे, पण तिला न विचारता इथं लिहीत नाही. निदान एवढं तरी.

त्यांना इथं रुळवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आधारवरचा पत्ता बदलून दिला, गॅसची जोडणी करून दिली, मुलीला अंगणवाडीत नेऊन बसवलं. नसरापूरला जायची एसटी किती वाजता आहे आणि खरी किती वाजता येते, हे दोन्ही सांगितलं. भाकरी थापायला शिकवली. तिच्या पहिल्या भाकरीचे तव्यावर चार तुकडे झाले तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. एकदा ती म्हणाली, "ताई, इथं पाऊस आमच्यासारखा, माती पण आमच्यासारखी. फक्त मीच वेगळी." मी म्हणाले, "तू कसली वेगळी, आमचीच आहेस." असं बोलायला मला फार आवडतं. माहेरी फोन केला की सांगायची, आमच्याकडं एक झारखंडचं कुटुंब आलंय, त्यांचं सगळं मीच बघते. आई म्हणायची, गुणाची माझी बाई.

ती आल्यानंतरच्या दुसऱ्या आषाढात आमच्या सावडीतली एकजण बाळंतपणाला माहेरी गेली. एक हात कमी पडला. सासू म्हणाली, "त्या बंगल्यावरचीला इचार. भाताच्याच मुलखातली हाय म्हणं." मी गेले. सावड म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले तर तिनं मधेच थांबवलं. "आमच्याकडे पण असंच करतात, ताई." हे म्हणताना तिचा चेहरा असा खुलला की जणू माहेरचं कुणी दारात आलंय.

तीन दिवस ती आमच्याकडं लावणीला आली. तिचा हात बघत राहावा असा चालायचा. ती मुद्दाम माझ्या शेजारची पात धरायची आणि आपली लावता लावता बाजूला वाकून माझ्या पातीतलीही रोपं लावून टाकायची, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं. सात वर्षांत पहिल्यांदा मी बाकीच्यांबरोबर बांधाला टेकले. सासू म्हणाली, "सुदारली की गं." मी गालातल्या गालात हसले. ही लावणी माझी नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

तिसऱ्या दिवशी काम संपल्यावर माझ्या नवऱ्यानं तिला पैसे देऊ केले. तिनं हात मागं घेतला. "पैसा नको, दादा. माझी पण लावणी आहे." बंगल्याखालची दोन पडीक खाचरं मालकांनी त्यांना करायला दिली होती. तिनं बांध नीट केले होते, रोप तयार केलं होतं. "माझ्या लावणीला तुम्ही या," ती म्हणाली. मी म्हणाले, "येणार म्हणजे काय, सगळ्या येऊ. अकरा जणी." बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. बाकीच्या दहा जणींना मी विचारलंसुद्धा नव्हतं.

तिनं मात्र माझ्या शब्दावर सगळं उभं केलं. दिवस ठरवला. चिखलणीला शेजारच्या गावातून पॉवर टिलर बोलावला. माझ्याकडून मोठं पातेलं मागून नेलं. "अकराच ना, ताई? सगळ्या कोंबडी खातात? त्या दिवशी कुणाचा उपास नाही ना?" मी म्हणाले, दोघी खात नाहीत. "मग दोघींना बटाटा," ती म्हणाली आणि बोटांवर काहीतरी मोजत घाईघाईनं गेली. आपल्या घरी पहिल्यांदाच माणसं जेवायला येणार, अशा बाईची घाई होती ती.

तो दिवस उजाडला आणि त्याच सकाळी माझी चुलत जाऊ दारात आली. तिच्या खाचराची चिखलणी आदल्या दिवशी अचानक झाली होती, टिलरवाला मोकळा सापडला म्हणून. चिखल केला की लावणी थांबवता येत नाही. ती सगळ्यांना बोलवत फिरत होती. मी सासूला म्हणाले, "आत्या, आज बंगल्यावर जायचंय. मी शब्द दिलाय."

"आदी घरचं," सासू म्हणाली. "तिला तीन दिसांच्या हजेरीचं पैसं देऊन टाक. सावड आपल्या आपल्यात आसती. तिचं हितं काय हाय? आज हाय, उद्या न्हाई."

"पण ती वाट बघत असेल."

"मग तू जा की. तुला कुणी धरलंय?"

हेच मला आजवर गिळता आलेलं नाही. मला कुणी धरलं नव्हतं. सासूला दोष देऊन मोकळं व्हायची वाट तिनं स्वतःच बंद करून टाकली. मी एकटी गेले असते तरी आमच्या घराचा एक दिवस फिटला असता. नाही गेले. पुढच्या वर्षी आमच्याकडं कोण येईल, जाऊ काय म्हणेल, असली कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण याहून हलकं होतं. सगळ्या जणींना घेऊन तिच्या बांधावर गेले असते तर मी गावाची पुढारीण ठरले असते. एकटी गेले असते तर नुसती तिच्या बरोबरीची ठरले असते. तिला मदत करायला मला आवडत होतं, तिच्या बरोबरीची व्हायला नाही. हे मला त्या सकाळी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेताना स्वच्छ कळलं होतं, आणि तरी मी जावेच्या मागून चालायला लागले.

जावेचं खाचर ओढ्याच्या अलीकडं, तिचं पलीकडं. मधे पन्नास-साठ पावलं. आम्ही उतरलो तेव्हा ती बांधावर उभी होती. रोपांच्या मुठी बांधून तिनं चिखलात जागोजागी टाकून ठेवल्या होत्या, अकरा जणींच्या हाताला येतील अशा. ती आमच्याकडं बघत होती. आधी तिला वाटलं असेल, आम्ही इथून वळून तिकडं येतोय. मी कागद कपाळावर ओढला आणि वाकले. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, लावणीत ही मोठी सोय आहे.

ती हाक मारेल म्हणून मी धास्तावले होते. तिनं हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं मी तिकडं पाहिलं तर ती, तिचा नवरा आणि ती एवढीशी पोर खाचरात उतरली होती. आमच्याकडं गाणी सुरू झाली. शेजारची मला म्हणाली, "तुजं तोंड का बंद? म्हण की." मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं. पलीकडं ऐकू जातंय हे मला माहीत होतं.

दुपारी आम्ही बांधावर जेवायला बसलो तेव्हा तिची मुलगी ओढा ओलांडून आली. गुडघ्यापर्यंत चिखल. अंगणवाडीत जाऊन जाऊन तिची बोली आमच्या गावासारखी झाली होती. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आईनं जेवाया बोलवलंय समद्यांना. लई केलंय."

एकीनं तोंडाला पदर लावला. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, कारण पोर माझ्याकडं बघत होती.

"सांग आईला," मी म्हणाले, "आमचं जेवण झालं."

माझ्या हातात अर्धी भाकरी होती. पोरीनं ती पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं आणि गेली. ओढ्यात तिचा पाय घसरला. मी बसल्या जागेवरून हललेसुद्धा नाही. तिची ती उठली आणि चालू लागली.

त्यांची लावणी त्यानंतर आणखी तीन दिवस चालली. मुळासकट काढून ठेवलेलं रोप तोवर पिवळं पडलं असेल. मी तिकडच्या वाटेनं गेले नाही. चौथ्या दिवशी पातेलं घरी आलं. तिचा नवरा घेऊन आला. घासून लख्ख केलेलं, बुडाला जी जुनी काजळी आमच्याकडून कधी निघाली नव्हती, तीही काढलेली. तो सासूच्या हातात देऊन, नमस्कार करून गेला. दाराआड मी उभी होते.

त्याच दिवशी मी गेले. जाताना नवऱ्याकडून तीन दिवसांच्या हजेरीचे पैसे मागून घेतले. रिकाम्या हातानं जायची छाती नव्हती म्हणून पैसे घेतले, हे खरं. पण हातात पैसे असताना माफी मागता येत नाही, हे मला तिच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. मी चार वाक्यं मनात जुळवून नेली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी फक्त हात पुढं केला. मला वाटलं, ती पहिल्यासारखीच नको म्हणेल, मग मी आग्रह करेन, मग एक जण रडेल आणि सगळं धुऊन निघेल. तिनं पैसे घेतले. पदराला हात पुसून घेतले आणि म्हणाली, "ठीक आहे, ताई." आवाजात राग नव्हता. चहा घेता का, असंही विचारलं. मी म्हणाले, घाई आहे. मला कसलीही घाई नव्हती.

घरी आल्यावर सासू म्हणाली, "दिलं न्हवं? झालं, फिटलं." मी त्या रात्री जेवले, झोपलेसुद्धा. लाज अशी लगेच जेवण तोडत नाही. ती नंतर येते आणि मग राहायलाच येते. माहेरी मी फोनवर तिच्याबद्दल बोलायचं बंद केलं. आईनं एकदा विचारलं, तुझी ती झारखंडची बाई कशी आहे गं? मी म्हणाले, बरी आहे.

ती बरीच होती. गावातही तिचं चाललं होतं. दुकानात जायची, मुलीला अंगणवाडीत सोडायची, भेटली की हसायची. मला ताई म्हणायचं तिनं सोडलं नाही. फक्त कागद भरायचा असला की तिचा नवरा आता परस्पर वेल्ह्याला जायचा.

पुढच्या आषाढात आमच्याकडं पुन्हा दोन हात कमी पडले. सासूच म्हणाली, "बंगल्यावरचीला सांग. कामाला वाघीण हाय." मी तिच्याकडं गेले. ती बांधावर गवत काढत होती. मी मनाशी ठरवून गेले होते की या वेळी सगळं बोलायचं, गेल्या वर्षीचं, आणि म्हणायचं की तुझ्या लावणीला मी येते, कुणी येवो न येवो. मी म्हणाले, "परवा आमची लावणी आहे."

ती विळा खाली ठेवून उभी राहिली. "येते की, ताई. हजेरी काय चाललीय यंदा?"

तिनं ते अगदी सहज विचारलं, गावातली कुठलीही मजूर बाई विचारते तसं. माझं जुळवलेलं सगळं जागच्या जागी राहिलं. मी दर सांगितला.

"जेवण तुमचं का माझं?"

"आमचं," मी म्हणाले. "आमचंच. तू काही आणू नको."

"मग हजेरीतून तेवढे कमी धरा," ती म्हणाली आणि पुन्हा गवताला लागली.

ती आली, दिवसभर राबली. संध्याकाळी पैसे द्यायला मीच उभी होते, आणि मी तेवढे कमी धरले.