बडोद्याला गेले पतंग बघायला, पोचले खेमीबाईंच्या मातीला

खरं तर ही पोस्ट उत्तरायणावर लिहायची होती. फोटोही तसेच काढून आणलेत: हरणीच्या गच्च्या, गुलाबी मांजा, ताटभर उंधियु. पण लिहायला बसले की दुसरंच आठवतं, आणि त्याचं काय करावं ते कळत नाही. तर जे घडलं ते सरळच सांगते.

रूथ ही माझी कॉलेजच्या होस्टेलमधली मैत्रीण, मूळची नगरची. लग्न झालं खेडा जिल्ह्यातल्या सुरेशशी, आणि गेली पंधराएक वर्षं दोघं बडोद्यात हरणीला राहतात. दर जानेवारीत तिचा फोन येतो, दर वेळी मी काहीतरी कारण सांगते. यंदा म्हणाली, "आभाळातले पतंग संपले तरी तू यायची नाहीस." मग निघालेच.

नाशिकहून जाणार असाल तर सकाळची सापुताऱ्यावरून सुरतेला जाणारी एसटी धरा. वणी सोडली की रस्ता डोंगरात शिरतो; खिडकी मिळाली तर पैसे वसूल. सुरतेला उतरून बडोद्याची कुठलीही गाडी पकडायची, भरपूर आहेत. जनरलच्या डब्यात शेजारच्या काकूंनी मला ठेपले खाऊ घातले आणि "बडोदामां कोण छे?" करत माझी सगळी कुंडली काढून घेतली. संध्याकाळी स्टेशनवर रूथ उभी होती. तिथून आधी सेव-उसळ. वर तिखट तर्री, सोबत पाव, आणि डोळ्यांतून पाणी. बडोद्यात पाऊल टाकल्याची खूण हीच, असं सुरेश म्हणतो.

दुसरा दिवस रविवार. "चर्चला येतेस का? नाहीतर सयाजीबाग बघ," रूथ म्हणाली. मी पूजाअर्चावाल्या घरातली. चर्चमध्ये कधी बसले नव्हते. गेले. भजनं गुजरातीत, एक मराठीत, मागच्या बाकावर कुजबुज दोन्ही भाषांत. प्रार्थनेत पाळकसाहेबांनी चार कुटुंबांची नावं घेतली. ही माणसं आपल्या महाराष्ट्रातल्या अक्राणीच्या डोंगरातली. धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि सरकारनं त्यांना वाघोडियाच्या बाजूला जमीन देऊन वसाहतीत आणून ठेवलं. चर्चच्या मंडळींनी या चार घरांना हात दिला होता: दवाखाना, मुलांची शाळा, थंडीत गोधड्या. रूथ तर त्यांतल्या रायसिंगच्या घरी दर पंधरवड्याला जायची. त्याच्या बायकोचं, मोगराचं, बाळंतपण तिनंच केलं म्हणे.

मी मनात म्हटलं, हे नुसतं भलं करणं आहे की आणखी काही? धर्मांतराचं वर्तमानपत्रात वाचलेलं डोक्यात होतंच. रूथला विचारायची हिंमत झाली नाही.

उपासना संपवून बाहेर आलो तर फाटकापाशी एक काटकुळा माणूस उभा. पायात चप्पल नाही, अंगावर नवा स्वेटर. तोच रायसिंग. पहिल्या बसनं आला होता.

"माय गेली," तो म्हणाला. "पहाटं. गाडी पाहिजे. डोंगरात न्यायची."

त्याच्या कुळात पुरतात. पण वसाहतीशेजारच्या गावानं, आमच्या स्मशानात तुमचं माणूस नको, असं सांगून टाकलेलं. म्हणून खेमीबाईंचा, म्हणजे त्याच्या आईचा, देह सहा-सात तासांच्या वाटेवर न्यायचा होता.

लगेच चारपाच जण जमले. पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या कब्रस्तानात जागा आहे. दिली मी." त्यावर एक वयस्कर गृहस्थ हळूच म्हणाले, "साहेब, बाई आपली नव्हती. उद्या लोक म्हणतील, मेल्यावर बाटवली." दुसऱ्या एक बाई रागावल्या, "मग काय तशीच ठेवायची?" सुरेशनं न्यायची तयारी दाखवत जीपची किल्ली काढली. "डोंगरात जवुं होय तो हूं लई जाऊं." रायसिंग सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "बाई, तुमी तिकडच्या ना? महाराष्ट्राच्या? सांगा यांना."

काय सांगायचं होतं मी? अक्राणी मी नकाशातच पाहिलेली. शेवटी, आधी वसाहतीत तर जाऊ, असं ठरलं.

वाघोडिया रस्ता चांगला आहे. कारखान्यांच्या भिंती, मग तुरीची आणि एरंडाची शेतं. (एरवी जायचं तर स्टेशनजवळच्या एसटी स्टँडवरून बस मिळते, पुढं शटल जीप.) आम्ही दोन गाड्यांतून गेलो. वरती आभाळभर पतंग, सणाची तयारी चाललेली.

वसाहत म्हणजे एका रेषेत उभी पत्र्याची घरं. खेमीबाई अंगणात खाटेवर होत्या, अंगावर चर्चच्याच गोधड्यांपैकी एक. आजूबाजूच्या घरांतली माणसं जमली होती आणि त्यांच्यातही एकमत नव्हतं. एक म्हातारा म्हणत होता, डोंगरातच न्या. दुसरा म्हणाला, "कुठं डोंगरात? तिथली मातीची जागा पाण्याखाली हाय. काय बुडवणार तिला?" रूथनं कब्रस्तानाचं विचारलं तेव्हा बायकांनी तोंडं फिरवली.

मग सुरेशनं मला न सुचलेली गोष्ट विचारली. "रायसिंगभाई, तुझं स्वतःचं शेत आहे ने? त्याच्या बांधावर?"

रायसिंग खाली बसला. मग म्हणाला, "शेतात पुरली तर झालं. मग मला इथंच राहावं लागंल."

तेव्हा कळलं की तो परत जायच्या बेतात होता. तूर काढली की सामान बांधायचं, धरणाच्या वरच्या अंगाला मामाच्या गावी झोपडी टाकायची. रूथला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला. दोन वर्षं ती ज्यांचं बस्तान बसवत होती, ते मनातून केव्हाच उठलेले होते.

निर्णय मोगरानं दिला. कडेवर मूल घेऊन दारात उभी होती. ती नवऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलली, मग आमच्याकडे वळून मराठीत. "सासू म्हणायची, एकदा उचलून आणलं मला, आता पुन्हा फिरवू नका. याला पण म्हणायची. हा ऐकत नव्हता."

रायसिंगनं तिच्याकडे पाहिलं नाही. उठला आणि शेताकडे चालू लागला.

खड्डा चर्चच्या माणसांनी खणला. वसाहतीतली चारपाच जणं होती मदतीला, पण कुदळी जास्त आमच्या गाड्यांतून उतरलेल्यांच्याच हातात. काळी माती, वर भेगा आणि खाली चिकट. कब्रस्तानाला नको म्हणणारे ते गृहस्थही बाह्या सारून उतरले. रायसिंगनं आईच्या उशाशी ज्वारी ठेवली. म्हाताऱ्यानं त्यांच्या बोलीत काही म्हटलं. पाळकसाहेब हात बांधून उभे राहिले, प्रार्थना मोठ्यानं केली नाही. माती लोटून झाल्यावर चर्चमधल्या एका बाईंनी भजन धरलं. दोन ओळी झाल्या आणि त्या मध्येच थांबल्या. म्हणावं की नाही, त्यांनाही कळेना. तिकडून मोगराची शेजारीण रडत रडत वेगळंच काही गाऊ लागली. मी कुणाच्याही बाजूला नव्हते आणि रडत होते. खेमीबाईंना तर मी जिवंतपणी पाहिलंही नव्हतं.

निघताना रूथ रायसिंगपुढं जाऊन उभी राहिली, तर तो वळून घरात गेला.

परतताना ती म्हणाली, "आम्ही त्याला बांधून घातलं का गं इथं?"

"तुम्ही नाही. मोगरानं ठरवलं."

"शेताचं सुरेश बोलला."



उत्तरायण झालं. गच्चीवर गेलो, "काय पो छे" ओरडलो, उंधियु-जिलेबी खाल्ली. सुरेशच्या आईच्या हातचं उंधियु खरोखर उत्तम, आणि दांडिया बाजारातून हिरवा चिवडा जरूर घ्या. सगळं छान होतं. मी मात्र पतंग काटला की टाळ्या वाजवायच्या की हळहळायचं, याचाच विचार करत बसले होते.

घरी येऊन महिना झाला. शेजारणी विचारतात, "कसं आहे बडोदं?" मी राजवाड्याचं सांगते. चर्चची माणसं भली होती, यात मला आता शंका नाही. रायसिंगचा राग खरा होता, यातही नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते अजून जमलेलं नाही.

परवा रूथचा फोन आला. तूर निघाली, रायसिंग गेलेला नाही. तो तिच्याशी बोलत नाही, पण मोगराकडून निरोप आलाय. खड्डा खणणाऱ्या सगळ्यांनी जेवायला यायचं. त्यांच्यात माती देणाऱ्यांना घरचंच धरतात.

"काय न्यायचं असतं गं अशा जेवणाला त्यांच्यात?" तिनं विचारलं. "चर्चच्या कमिटीत दोन तास वाद झाला. कुणी म्हणतं तांदूळ, कुणी म्हणतं साडी."

"मला काय माहीत? रायसिंगला विचार की."



"दोन वर्षांत त्याला कधी काही विचारलंच नाही गं मी," ती म्हणाली. "सुरुवात कुठून करू?"