दिवसाआड तेल

लवू पाष्टे मूळचा गुहागरकडचा, पण उत्तनच्या कोळणी त्याला आपल्यातलाच धरत. चौदा वर्षं तो रोज सकाळी त्यांच्या पाट्या टेम्पोत घालून भाईंदर पश्चिमेच्या बाजारात नेत होता आणि दुपारी रिकाम्या पाट्यांसकट त्यांना परत आणत होता. बायका मागे बसत. पुढे लवूच्या शेजारी, इंजिनाच्या खोक्याला टेकून, रखमाबाई. साठी ओलांडलेली, तोंडाने फटकळ. ती जागा तिची, हे कुणी न बोलता ठरलेलं होतं.

२००३ च्या पावसाळ्यानंतर टेम्पो इंजिन ऑइल प्यायला लागला. दोन दिवसांत अर्धा लिटर गायब, आणि खाली एक थेंब सांडलेला नाही, म्हणजे आतच जळत होतं. निळा धूर मागून तर निघायचाच, खोक्याच्या फटींतून केबिनमध्येही यायचा. रखमाबाई उत्तनपासून भाईंदरपर्यंत खोकायची. लवूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या गाडीपायी म्हातारीची छाती जातेय, हे त्याच्या डोक्यातून जाईना. ती एका शब्दाने तक्रार करत नव्हती, त्याने तर तो जास्तच खजील व्हायचा.

मेकॅनिक विपुलने पाहताक्षणी सांगितलं, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावं लागेल, पंधरा दिवस गाडी उभी. पंधरा दिवसांत बायका दुसरी गाडी धरतील आणि परत यायच्या नाहीत, हे लवूला पक्कं ठाऊक होतं. मग विपुलने तेलाचा धडा दिला. डब्यावरचा पहिला आकडा गार इंजिनात तेल कसं वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर ते किती जाड राहतं त्याचा. आजवर पंधरा-चाळीस घालत होतास, आता वीस-पन्नास घाल. जाड तेल झिजलेल्या रिंगांतून कमी निसटतं.

"पण याच्यापुढे जाऊ नको हां," विपुल म्हणाला. "लई जाड घातलंस तर सकाळी तेल वर चढायलाच टाइम लागेल. तोपर्यंत इंजिन सुकं फिरणार."

वीस-पन्नासने धूर निम्मा झाला. खोकला होता तेवढाच राहिला. लवूने उरलेल्या खोकल्याचं खापर उरलेल्या धुरावर फोडलं आणि कोळीवाड्यात गाडी चालवणाराच करेल तो मूर्खपणा केला. नाथा तांडेलच्या होडीचं इंजिन टेम्पोपेक्षा म्हातारं, पण धुराचं नाव नाही. नाथा त्यात मधासारखं जाड, एकाच आकड्याचं तेल ओतायचा. लवूने त्याच्याकडून डबा मागून आणला. होडीचं इंजिन एकदा चालू झालं की दोन-दोन दिवस गरमच असतं, आणि टेम्पोला रोज गार अंगाने उठावं लागतं, एवढी साधी गोष्ट या शहाण्याला सुचली नाही.

धूर थांबला. सकाळी चावी फिरवली की इंजिन थोडा वेळ डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजायचं, पण लवूने त्याकडे कानाडोळा केला. चार दिवस तो खुशीत होता. केबिन अगदी स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छ केबिनमध्ये रखमाबाई खोकत होती.

पाचव्या दिवशी मागे बसलेल्या बायकांतली मंदा खिडकीतून म्हणाली, "आता तर धूर न्हाय. मग म्हातारी कशान खोकते?"

लवूने शेजारी पाहिलं. रखमाबाईने पदर तोंडावर दाबला होता, आणि मनगटावरच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या होत्या. तीन महिने आपण नुसता धूर बघत होतो, या बाईकडे बघितलंच नाही, याची त्याला लाज वाटली.

बाजारात बायका उतरल्या, तरी ती बसून राहिली.

"लवू, पयलं तेल घाल बाबा गाडीत."

"का, मावशी?"

"धूर होता तवा कोन काय इचारत नव्हता."

मग तिने सगळं सांगितलं. गणपतीनंतर थुंकीत रक्त आलं, दवाखान्यात टीबी निघाला. सहा महिने दिवसाआड जायचं आणि तिथेच बसून गोळ्या गिळायच्या. ती दोनदा गेली आणि मग तिने सोडून दिलं. दवाखाना बाजाराच्याच वाटेवर. कुणी पाहिलं तर तिच्या हातची मासळी कोण घेणार, आणि शेजारी पाटी कोण मांडू देणार?

लवू घाबरला. घरी त्याची चार वर्षांची सान्वी होती, आणि तो तीन महिने या बाईपासून हातभर अंतरावर बसत होता. उतर म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं, पण जीभ वळेना. गोळ्या सोडल्या म्हणून तो तिच्यावर तोंड सोडून ओरडला.

"तेल बदलतो," तो मग म्हणाला. "पण दिवसाआड दवाखाना. एक दिवस चुकवलास तर मी स्वतः मंदाला सांगेन."

विपुलने होडीचं तेल काढताना त्याची यथेच्छ अक्कल काढली. पंधरा-चाळीसने धूर भरपूर झाला असता, पण तिच्या छातीला तो सोसला नसता. लवूने वीस-पन्नासच घातलं, बायकांना दिसेल एवढाच धूर. खोक्याच्या फटी रबर ठोकून बुजवल्या, म्हणजे तो मागूनच निघावा. खिडकी उघडी, पदर तोंडावर, हा नियम केला. सान्वीला आणि स्वतःला तपासून आणलं. इंजिन उघडायचं त्याने सहा महिने पुढे ढकलल्यावर विपुलने हात टेकले. तोवर टिकेल याची खात्री त्याने दिली नाही.

दिवसाआड परतताना टेम्पो दवाखान्यामागच्या गल्लीत थांबू लागला. तेल घालायला खोकं उघडायचं, म्हणजे रखमाबाईला उतरावंच लागे. पान घेऊन येते म्हणून ती निघून जाई. तेलाला पाच मिनिटं पुरत, तिथल्या रांगेला वीस. कधीतरी ती गोळ्या न घेताच पलीकडून निघून जाईल आणि आपल्याला कळणारही नाही, ही धास्ती लवूला रोजची. मागे बायका उन्हात तळत आणि त्याच्या गाडीचा उद्धार करत.

एके दुपारी मंदा खाली उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "किती तेल पिते रं तुजी गाडी? कवा सुदरनार?"

लवूने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. रखमाबाई अजून आली नव्हती.

"अजून पाच महिने पिणार," तो म्हणाला, आणि तेल मोजायची पुसलेली काठी पुन्हा पुसू लागला.