हेडच्या आतली खूण

मी जात्याच संशयी. नखावर थेंब घेऊन बघितल्याशिवाय दूधवाल्याला दारातून हलू देत नाही. त्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्या चाळीस वर्षांच्या मोटारसायकलचं काम माझ्यावर टाकलं आणि वर बजावलं, "इंजिन मूळचं हाय. त्यातलं काही जाऊ देऊ नको." झालं! माझी झोपच उडाली.

गाडी धूर ओकत होती. झिजलेला सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन टाकायचा होता. आबांचा गुडघा धरतो, म्हणून ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनही बसवायचं होतं, म्हणजे एका किकमध्ये काम. वसमतचे मिस्तरी हे इंजिन पहिल्यापासून बघत आलेले. पण हल्ली जुन्या गाड्यांच्या मूळ पार्टांसाठी शौकीन लोक खेडोपाडी फिरतात. हट्टा गावच्या बाजारात एकानं कानात सांगितलं, "मिस्तऱ्यावर ध्यान ठेवा. मूळचं काढून घेतेत अन् नकली ठोकून देतेत." मला तेवढं पुरे होतं.

गाडी देण्याआधीच्या रविवारी मीच इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोललं. बाहेरून खूण केली तर मिस्तरी कानशीनं घासून टाकतील. म्हणून हेड सिलिंडरवर जिथं टेकतं, त्या आतल्या सपाट बाजूवर छिन्नीनं या कडेपासून त्या कडेपर्यंत चीर मारली. मग स्वतःच्या अकलेवर खूश होऊन कपभर चहा प्यालो.

आठ दिवसांनी गाडी आणायला गेलो. पहिल्या किकला सुरू झाली, पण हेडच्या सांध्यातून फुस्‌फुस्‌ हवा निघू लागली. माझं डोकंच फिरलं. पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यांच्यादेखत ओरडलो, "मिस्तरी, आमच्या बापाचं हेड कुठं विकलं? हे नकली हाय!"

मिस्तऱ्यांचं तोंड काळवंडलं. त्यांनी इंजिन थंड होऊ दिलं, हेड खोललं आणि उलटं करून माझ्या हातात ठेवलं. माझीच चीर! हवा तिच्यातूनच निघत होती. आबांच्या इंजिनाचं वाटोळं मीच केलं होतं.

"पहिल्याच दिवशी दिसली," ते हळूच म्हणाले. "काहून मारली तेबी समजलं. घासून पाहिलं, पण लई खोल हाय. सांध्यात नवं गॅस्केट दाबून भागतंय का बघू म्हणलं. चार लोकांत बोललो असतो तर तुमची इज्जत गेली असती, म्हणून गप राहिलो."

जमीन दुभंगावी असं वाटलं मला. हात जोडून माफी मागितली. "व्हय, व्हय, होतं असं," म्हणाले. चीर वेल्डिंगनं भरून, लेथवर सपाट करून आणली. आता आबा एका किकमध्ये गाडी सुरू करतात आणि गल्लीभर मिस्तऱ्यांचं कौतुक करत हिंडतात.

मी मात्र गाडी कामाला मिस्तऱ्यांकडं ठेवून निघालो की ते मागून हाक मारतात. स्टूल पुसून समोर ठेवतात. "बसा, साहेब. बघा." मी बसल्याशिवाय एक नटही खोलत नाहीत.