काट्यावरची अक्का

भाच्याने मामाच्या खोलीतून तीन माणसं हाकलून दिली आणि वर चहा मागितला.

तसं त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो निघाला होता साफसफाई करायला. मामा वजनकाट्यावर कामाला होता. काटा म्हणजे रस्त्याच्या कडेला जमिनीच्या पातळीत बसवलेला, ट्रक मावेल एवढा लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याला खेटून एक खोली, खोलीला एक सरकती काच आणि काचेमागे मामा. ट्रक चढायच्या आधी मामा काच सरकवून ओरडायचा, "झीरो आहे, बघून घे!" रिकाम्या काट्याचा आकडा शून्यावर आहे, डोळ्यांनी बघून घे, नंतर माझ्या नावाने शंख करायचा नाही, एवढं सगळं त्या ओरडण्यात यायचं. त्यावरून ड्रायव्हर लोकांनी त्याचं नाव झीरोमामा पाडलं होतं. मामीनेही ते उचललं होतं, पण ती ते कुठल्या अर्थाने म्हणते हे विचारायची मामाची छाती नव्हती.

खोलीतल्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं, तेही असं जुनं की सकाळी बटण दाबून माणूस निवांत दाढी करून यावा, तरी ते आपलं जांभयाच देत असायचं. ट्रक काट्यावर चढला, आकडा स्थिर झाला, आता पावती निघणार, की नेमकी पडद्यावर वाळूची घड्याळं फिरायला लागायची. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. शेवटी मालक म्हणाले, "तुमचा भाचा कॉम्प्युटरातला आहे ना? त्याला बोलवा की एकदा."

भाचा सुट्टीच्या दिवशी आला. सफाईचा एक प्रोग्रॅम चालवला. सातशे निरुपयोगी गोष्टी काढून टाकल्या, असं त्या प्रोग्रॅमने छाती फुगवून जाहीर केलं. भाचा खुर्चीतून उठला, चहा मागवला आणि मामा खुर्चीत बसला. ट्रक नव्हता, म्हणून मामाने पत्ते उघडले.

दोन ट्रकांच्या मधे मामा पत्ते खेळतो हे सगळ्या काट्याला माहीत होतं. खेळ चौघांचा. बदामाची पानं चुकवायची आणि इस्पिकच्या राणीपासून जिवाच्या आकांताने पळायचं, कारण ज्याचं पान मोठं त्याच्या गळ्यात सगळी पानं पडतात, आणि त्यांत ती राणी आली की माणूस खलास. एक खेळाडू आपण, उरलेले तीन कॉम्प्युटरचे.

मामा पडद्याकडे बघतच राहिला.

"हे कोण?"

"कोण कोण?"

"हे तिघं. कुठून आलेत हे?"

भाच्याने वाकून पाहिलं. तिन्ही जागांवर कुठलीतरी लांबची, जिभेला वळण न पडलेली नावं होती. "अरे, ही त्या खेळाची मूळची नावं. तू बदलली होतीस का? मग गेली असतील सफाईत. सांग, परत टाकतो. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे."

"सांग की! लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

मामाने फडकं घेऊन सरकती काच पुसली. काच स्वच्छच होती. मग काचेकडे बघत म्हणाला, "डावीकडे दादा. उजवीकडे धाकटी."

"आणि समोर?"

"समोर कोण असणार?"

भाच्याने टाइप केलं. बोटांनीच आपोआप केलं म्हणा. पडद्यावर उमटलं, 'आई'.

"ती तुझी," मामा म्हणाला. "इथे अक्का लिही."

भाच्याने 'आई' खोडलं. दोनच अक्षरं होती, पण खोडायला जरा वेळ लागला.

अक्का म्हणजे मामाची थोरली बहीण. मागच्याच्या मागच्या वर्षी गेली. दादा मुलाकडे साता समुद्रापार. फोनवर तो तिकडची हवा सांगतो, इकडची विचारतो, आणि हवा संपली की फोनही संपतो. धाकटी काही फार लांब नाही, पण सासू अंथरुणाला खिळलेली. "येते, येते" म्हणते, आणि ते खोटंही नसतं. शाळेच्या सुट्टीत ही चौघं एका पलंगावर मांडी घालून बसायची ती जेवायच्या तीन हाका होईपर्यंत उठायची नाहीत. त्या पलंगाचं पुढे काय झालं कोण जाणे. मामाने चौघांना या खोलीत आणून बसवलं होतं आणि त्याचा कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मामीला तेवढा होता.

"बायको सोडून सगळं खानदान बसवलंय तिथे," डबा घेऊन आलेली मामी भाच्याला म्हणाली.

"अगं, चौघांचाच खेळ आहे," मामा म्हणाला. "तुला कुठे बसवू?"

"दादांना उठवा! ते तसेही दर डावाला झोपा काढतात, असं तुम्हीच सांगता."

मामाने दादाला उठवलं नाही. कॉम्प्युटरने मात्र सगळ्यांनाच उठवायचं मनावर घेतलं होतं. त्याच्या पोटातून आता सुपारी फोडल्यासारखा कटकट आवाज येऊ लागला. हा आवाज ऐकला आणि भाच्याचे डोळे लकाकले, कारण भाचा लिनक्सवाला होता.

लिनक्सवाला माणूस नात्यागोत्यात एखादाच असतो, पण पुरून उरतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने नुसतं म्हणावं की आमचा कॉम्प्युटर हल्ली अडतो, की याचा हात ताटातच थांबतो. भाच्याने मामाला काटा सोडून पळता येत नाही याचा पुरेपूर फायदा घेतला. विंडोजच्या जागी टाकायचं लिनक्स जुन्या मशीनवरही पळतं. व्हायरसची कटकट जवळजवळ नाही. पैसे पडत नाहीत. जगभरची माणसं आपला वेळ घालून ते बनवतात आणि वाटून टाकतात.

"त्यांना घरी कामं नाहीत का?" मामाने विचारलं.

"मामा, तुझ्या या विंडोजला आता कुणी वाली नाही. आणि डिस्क कधीही डोळे मिटेल."

"पत्ते?"

"लिनक्सवर पत्ते आहेत. उलट नवीन विंडोज घेतलंस तर त्यात हा खेळ येतच नाही. तेव्हा एक तर हे मरेपर्यंत चालव, नाही तर लिनक्स टाकू. मात्र एकदा कायमचं टाकलं की जुनं सगळं पुसलं जाणार, हे आताच सांगतो. मग माझ्यावर ओरडायचं नाही."

लोखंडाच्या भंगाराचा ट्रक आला, मामाने क्लीनरला काट्यावरून खाली उतरवलं, वजन घेतलं, पावती दिली, ट्रक गेला. मामा पुन्हा पत्ते वाटून बसला.

मग भाच्याने मधला मार्ग काढला. लिनक्स पेन ड्राइव्हवर आणून दिलं. पेन ड्राइव्ह लावला की लिनक्स, काढला की पुन्हा जुनं विंडोज जसंच्या तसं. आठवडाभर वापरून बघ, मग ठरव. वजन घेऊन पावती छापायचा प्रोग्रॅम त्याने स्वतः बसून लिहिला. पत्त्यांचा खेळ टाकला, तोच बदामाचा, आणि या वेळी न विचारता नावं घातली. डावीकडे दादा, उजवीकडे धाकटी, समोर अक्का.

पुढच्या सुट्टीला भाचा आला तो हार-तुरे घ्यायच्या तयारीने. बघतो तर पेन ड्राइव्ह काढून प्रिंटरवर ठेवलेला, आणि कॉम्प्युटर पुन्हा जांभया देतोय.

"काय झालं? वजन चुकलं?"

"वजन चोख आहे. काट्यावर कुत्रं झोपलं तर तेही दाखवतंय."

"पावती?"

"झकास. मालक खूश आहेत."

"मग बिघडलं काय?"

"अक्का बिघडलीय," मामा म्हणाला.

भाच्याला हसू आलं, पण मामाचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. त्याने पेन ड्राइव्ह लावला, लिनक्स सुरू केलं, आणि मामाच्या मागे उभं राहून डाव बघायला लागला. दादा दादासारखाच खेळत होता, त्याला विंडोज काय आणि लिनक्स काय. धाकटी घाबरत घाबरत लहान पानं सोडत होती. अक्का मात्र शांत होती. डाव अर्ध्यावर आला, तिच्याकडून अजून काही वावगं पडलं नव्हतं. मग मामाने किलवरचा राजा टाकला, आणि हातात किलवर नसलेल्या अक्काने त्यावर अलगद इस्पिकची राणी ठेवली.

"बघ!" मामा खुर्चीत गर्रकन वळला. "बघितलंस? अक्का मला राणी देईल?"

"जुन्यात देत नव्हती?"

"द्यायची. पण चुकून. ही टपून बसते! माझं मोठं पान यायची वाट बघते. तुझ्या त्या जगभरच्या माणसांना सांग, आमची अक्का अशी नव्हती. गरीब होती ती."

भाचा स्टुलावर बसला. आईबद्दल बरंच काय काय लोक बोलून गेले होते, भेटायला आलेल्यांनी तर तिला पार देवघरात बसवलं होतं, पण 'गरीब' हा शब्द त्याने आजच ऐकला.

"मामा, आई पानं मोजायची."

"काहीतरीच."

"अरे, पडलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवायची, बावन्नच्या बावन्न. मी लहान होतो, तापाने फणफणलो होतो. माझी करमणूक म्हणून पलंगावर पत्ते घेऊन बसली, आणि दर डावाला राणी माझ्या गळ्यात. बाबा म्हणाले, अगं, पोराला ताप आहे. तर म्हणाली, त्याला आहे, मला कुठे आहे?"

बाहेर वाळूचा ट्रक येऊन थांबला होता. मामाने काच सरकवली, "झीरो आहे, बघून घे!" म्हणाला, पण आवाज रोजच्यासारखा लागला नाही. ड्रायव्हरनेसुद्धा वर बघितलं. वजन झालं, पावती गेली. ट्रक उतरला तरी मामा काच बंद करायची विसरला आणि धूळ आत येत राहिली.

"राणी टाकायच्या आधी ती खिडकीबाहेर बघायची," मामा म्हणाला. "जसं काही बाहेर कोण आलंय ते बघतेय."

"शेवटपर्यंत बघायची."

"आणि नाकात हसायची."

"हो. आणि विचारलं की म्हणायची, सर्दी आहे."

"सर्दी!" मामा म्हणाला. "बारा महिने सर्दी त्या बाईला. मी एकदा इतका चिडलो की राणीच चावून टाकली. वर्षभर आम्ही दात उमटलेल्या राणीने खेळलो. ती कुणाच्या हातात आहे ते चौघांनाही दिसायचं, तरी ती माझ्याकडेच यायची." आणि तो हसला. हसता हसता मधेच थांबला, कपाळ चोळलं. "हे सगळं गेलं कुठे होतं रे माझ्या डोक्यातून?"

भाच्याला मात्र ते दिसलं. विंडोजवरची ती बिचारी अक्का हाताला येईल ते पान टाकायची, आणि मामा तिच्या प्रत्येक चुकीत बहिणीची माया वाचत आला होता. दोन वर्षांत वाचून वाचून त्याने अक्काला अशी मऊ करून टाकली होती की खुद्द अक्काने ओळखली नसती.

मामा पडद्याकडे वळला. "वाट," म्हणाला. भाच्याला म्हणाला की पडद्याला, कळलं नाही, पण पानं पडली. मामा या वेळी जपून खेळत होता. इस्पिक दाबून धरले, बदाम चुकवले, मोठी पानं आधीच फेकून मोकळा झाला. एकच राजा हातात राहिला, तोही टाकावा लागला. समोरून पान पडायला क्षणभर वेळ लागला. कॉम्प्युटरला लागतो तेवढाच, त्यात काही नव्हतं. पण त्या क्षणभरात दोघांचीही नजर उघड्या काचेतून बाहेर गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

राणी मामाच्या राजावर येऊन बसली.

"आली सर्दी," मामा पुटपुटला.

भाच्यालाही वाटलं, आणखी एक डाव व्हावा. मग आणखी एक. पण सुट्टी आजचीच होती, कॉम्प्युटर पोटात सुपारी फोडत होता, आणि उद्या सकाळी मालकांना काय ठरलं ते सांगायचं होतं. त्याने स्टूल पुढे ओढलं.

"मग मामा, कुठली ठेवू? जुनी की ही?"

मामाने पडद्यावरून नजर हलवली नाही.

"मला हरवते ती."