डायलेसीच्या हातात रेंज जाते

त्या फोनच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, माझी जीभ विटाळेल. पण मरणाऱ्या मामाचा फोन डायलेसीनं तीन-तीनदा कापला, असं आमच्या गावात जे बोललं जातं ना, ते मला खोडून काढायचंय. बोलणारे सगळे घरात बसून बोलतात. मी तिथं होते.

माझं नाव जेसिनाला. वारुळाच्या पायथ्याशी माझी कढई असते. मंदासी, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळते आणि फोनचा बॅलन्स विकते. आमच्या गावात रेंज येते ती फक्त त्या वारुळावर. दोन पुरुष उंच आहे, वर चढायला पायऱ्या पडल्यात लोकांच्या पायांनी. वर कोण कुणाशी काय बोलतं ते माझी इच्छा असो वा नसो, माझ्या कानावर पडतंच. कुणाचं कुणाशी जमलंय आणि कुणाचं फाटलंय ते गावाच्या आधी मला कळतं.

डायलेसी मडकी करते. चाक नाही, साचा नाही, मातीच्या गोळ्याभोवती फिरत फिरत नुसत्या हातांनी घडवते. हात केवढाले रुंद, बोटांच्या पेरांत माती कायमची बसलेली. मडकं गिऱ्हाइकाला द्यायचं तर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी. आमच्यात तसंच असतं म्हणा. मोठ्या माणसाला काही दिलं-घेतलं तर दोन्ही हात लागतात, एका हातानं दिलं म्हणजे तोंडावर फेकलं. पण डायलेसीचं जरा जास्तच. माझ्याकडून दोन मंदासी घेतानासुद्धा वाकायची. मी म्हणायचे, अगं बाई, मी काय तुझी सासू आहे का? ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा वाकायची.

सहा वर्षांची असताना तिची आई गेली. वाढवलं योकोनियामामानं. आमच्यात मामा म्हणजे मुलीचा खरा वाली, त्याच्या शब्दाशिवाय तिचं लग्न लग्न नव्हे. तो दक्षिणेत खाणीत कामाला होता, दोन वर्षांनी एकदा यायचा. येताना ब्लँकेट, साबण, तिच्यासाठी बूट. बूट नेहमी एक माप मोठे, कारण दोन वर्षांत पाय वाढणार हे त्याच्या हिशेबात असायचं. त्याच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून ती अख्खं गाव हिंडायची, आणि तो कुणी विचारलं तर सांगायचा, ही माझी.

एकोणिसाव्या वर्षी पिठाच्या गिरणीवरच्या लायटनपासून तिला दिवस गेले. मामा यायला चार महिने होते. लायटनच्या घरच्यांना घाई. कुणीतरी लांबच्या चुलत्याला मामाच्या जागी बसवलं आणि लग्न उरकलं. चार महिने थांबता आलं असतं, हे डायलेसी स्वतःच म्हणते. ती लहान होती, घाबरलेली होती, आणि लोक काय म्हणतील ही भीती मामापेक्षा जवळ होती.

मामा आला. तिनं कोंबडी शिजवली, मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा केली, आणि ताट दोन्ही हातांत घेऊन पोटुशी बाई गुडघ्यांवर त्याच्यापुढे बसली. त्यानं ताट घेतलं नाही. वाढलेलं सगळं गार झालं तरी घेतलं नाही. दुपारच्या बसनं परत गेला तो गेलाच. बावीस वर्षं पत्र नाही, निरोप नाही. तिकडे खाणीतच राहिला, तिथलीच बायको केली. दोन वर्षांमागे लायटन वारला तेव्हा डायलेसीच्या बाजूनं उभं राहून बोलायला माणूस नव्हता. प्रेताजवळ तिच्या घरच्यांची जागा मोकळी होती आणि सगळं गाव त्या मोकळ्या जागेकडे बघत होतं.

असं असताना यंदा शेंगदाणे काढायच्या दिवसांत आमच्या गावचा डमसन आला. तोही तिकडे खाणीत असतो. म्हणाला, म्हाताऱ्याची छाती खाणीच्या धुळीनं गेली, फार दिवस नाहीत. तुझ्याशी एक बोलायचंय म्हणतो. तुझ्याशीच, दुसऱ्या कुणाजवळ सांगणार नाही म्हणतो. डायलेसीनं मातीच्या हातांनीच त्याची बाही धरली. माफ करतो म्हणतोय का, असं विचारत राहिली. डमसनला काय ठाऊक. त्यानं तिचा नंबर कळवला, आणि शनिवारी दुपारी मामा फोन करील असं ठरलं.

तिचा जुना बटणांचा फोन रडतखडत चालायचा. मामाचा एक शब्द चुकायला नको म्हणून ती डेड्झाला, बाजाराच्या गावी गेली आणि रेडिओवर ज्याचं गाणं वाजायचं तो नवा मोठा फोन घेऊन आली. डोंगरदऱ्यांत दुसऱ्यांची रेंज संपते तिथं आमची सुरू होते, असं काहीतरी त्या गाण्यात होतं. दुकानदारानं सिमकार्ड कात्रीनं बारीक कापून नव्या फोनात बसवलं. म्हणजे जुन्यात ते पुन्हा बसायचं नाही, ही सोय त्यांनी आधीच करून ठेवली.

शनिवारी डायलेसी सकाळपासून वारुळावर. कमरेला चितेंजेचं धुतलेलं कापड गुंडाळलेलं, केस नीट बांधलेले, जसा काही मामा तिला बघणार होता. फोन शेजारी ठेवलेला, रेंज भरलेली. दुपारी वाजला. तिनं उचलला, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून कानाला लावला.

"डायलेसी?" म्हातारा ओरडून बोलत होता, मलाही खाली ऐकू आलं. "मी बोलतोय."

"मामा," ती म्हणाली, आणि फोन मेला.

पुन्हा वाजला. पुन्हा तेच, तिनं "मामा" म्हटलं की पलीकडे शुकशुकाट. तिसऱ्यांदाही तेच. फोन खाली ठेवला की रेंज भरलेली, हातात घेतला की गेलेली. मी वर चढले, माझ्याकडचा बॅलन्स घातला, म्हटलं आता तू लाव. लागला. मामानं उचलला आणि म्हणाला, "कापायचाच असेल तर एकदाच काप. मला खोकल्यानं बोलवत नाही." डायलेसीनं उत्तराला तोंड उघडलं आणि लाइन गेली. त्यानंतर त्यानं उचललाच नाही.

मी माझ्या फोनवरून लावला. मामी बोलली, तिकडची बाई, आमची भाषा मोडकीतोडकी. मी समजावायला लागले तर म्हणाली, ज्या पोरीला बोलायचं नाही तिनं शेजारणीला पुढे करू नये, बोलायचं असेल तर स्वतःच्या फोनवरून स्वतःच्या तोंडानं बोलावं. आणि ठेवला. नंतर माझा नंबर दिसला की उचलायची नाही. निरोप लिहून पाठवावा तर मामाला वाचता येत नाही आणि मामीला आमच्या भाषेतलं वाचता येत नाही. आता हा जो नवा फोन होता तो दुरुस्त होण्याशिवाय इलाज नव्हता.

सोमवारी आम्ही दोघी डेड्झाला. दुकानदारानं फोन काचेवर ठेवला, बोटानं दाखवलं, हे बघा मावशी, चारही रेघा आहेत, फोन ठणठणीत आहे. रेंज तुमच्या गावात नाही. मी म्हटलं, हातात घेऊन बघ. त्यानं दोन बोटांनी घेतला. रेघा जागच्या जागी. लोक हसायला लागले. डायलेसीनं मान खाली घातली. मला अशी चीड आली की त्याच्या काचेवरच बसावंसं वाटलं.

बुधवारी राजधानीत, लिलाँग्वेला, कंपनीच्या मोठ्या ऑफिसात. तिथं चिठ्ठी घेऊन अर्धा दिवस बसवलं. मग एक मुलगी आली, नखं एवढी लांब की तिनं कधी भांडं घासलं नसणार. डायलेसीला म्हणाली, काकू, तुम्ही कसा धरता ते दाखवा. डायलेसी तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हातांत फोन धरला. चारही रेघा एकामागून एक गेल्या. मुलीनं अजिबात नवल केलं नाही. तिला माहीतच होतं. म्हणाली, कडेच्या पट्टीत अँटेना असते, दोन्ही बाजूंनी हात आला की दबते. असा धरायचा नसतो. वरच्या टोकाला चिमटीत धरायचा.

तिनं धरून दाखवला. आमच्या रस्त्यावर भाजलेले उंदीर विकतात ना, ते शेपटीला धरून उचलतात, तसा.

"असं धरून मी मामाशी बोलू?" डायलेसीनं विचारलं.

मी म्हटलं, बदलून द्या. मुलगी म्हणाली, हा दोष नाही, धरण्याची पद्धत आहे, आणि धरण्याची पद्धत वॉरंटीत येत नाही. एक कागद दिला, त्यावर शिक्का मारलेला. सवय बदला, म्हणाली. सवय म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पोरी, तुझ्या आजीला तू काय देतेस ते एका हातानं देतेस का? तीही आमच्यातलीच होती, तिच्या आजीनंही तिला हेच शिकवलं असणार. पण कागद काही तिनं परत घेतला नाही.

गुरुवारी दिवसभर डायलेसी चिमटीत धरायचा सराव करत होती. जमायचं, पण "मामा" म्हटलं की दुसरा हात आपोआप वर यायचा. शेवटी मी म्हटलं, धरूच नकोस. वारुळावर फडकं अंथर, त्यावर फोन ठेव, आवाज मोठा कर, तोंड जवळ ने आणि बोल. हात तुझ्या चितेंजेत गुंडाळून टाक. ती म्हणाली, मामाला जमिनीवर ठेवून बोलू? मी म्हटलं, मामाला कुठं दिसतंय. मी तेव्हा तिला जरा रागावूनच बोलले. आता वाटतं नसते बोलले तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी वर चढलो. फोन फडक्यावर ठेवला. डायलेसी पोटावर झोपल्यासारखी वाकली, हात पोटाशी कापडात गुंडाळलेले. नंबर मी लावला. मामीनं उचलला, आणि आवाज असा स्वच्छ की ती शेजारी बसल्यासारखी वाटावी.

डायलेसी म्हणाली, मामी, मी बोलतेय, मामाला द्या.

मामी म्हणाली, "बुधवारी गेला तो. काल पुरलं."

बुधवारी. म्हणजे आम्ही त्या ऑफिसात चिठ्ठी धरून बसलो होतो तेव्हा.

डायलेसी रडली नाही. ती भराभर सांगत सुटली, की मामी, मी कापला नव्हता, फोनमध्ये खोट आहे, हातात धरला की आवाज जातो, मी दोन्ही हातांनी धरला होता म्हणून गेला, मी त्याच्यासाठी गुडघ्यांवर बसले होते. मामी म्हणाली, हातात धरला म्हणून कुणाचा फोन बंद पडतो का? आत्ता तर शब्द न् शब्द ऐकू येतोय. डायलेसीनं पुन्हा सगळं सांगितलं. कंपनीचा कागद आहे म्हणाली, शिक्का आहे म्हणाली. पलीकडे त्या बाईच्या मनात काय आलं देव जाणे. पण आवाज जरा खाली आला तिचा.

म्हणाली, "तो तीन दिवस फोनकडे बघत होता. शेवटच्या दिवशी म्हणाला, तिनं कापलं तरी चालेल, पण हे तिला सांग. माझ्याकडून वदवून घेतलं त्यानं, दोनदा. तुझ्यासाठी शब्द ठेवलाय. ऐक."

आणि डायलेसी उठून बसली. मला दिसत होतं काय होतंय ते. मेलेल्या माणसाचा शब्द येतोय, ज्यानं वाढवलं त्याचा, आणि तो जमिनीवर पडलेला कसा घ्यायचा? कापडातून तिचे हात सुटले. मी "नको" म्हणेपर्यंत तिनं फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला होता, मान खाली, डोळे मिटलेले.

चारही रेघा गेल्या.

मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला, फडक्यावर आपटला, पुन्हा लावला. दोनदा वाजला आणि मामीनं कापला. पुन्हा लावला तर बंद. संध्याकाळपर्यंत लावत राहिलो. नंतर डमसननं तिकडे चौकशी केली, तर बाईनं खोली सोडली, तिच्या माहेरी गेली, कुठल्या गावी ते शेजाऱ्यांना माहीत नाही. जाताना म्हणाली म्हणे, एवढं सांगायला घेतलं तर पुन्हा फोन कापला त्या पोरीनं, दगड आहे.

आता कुणी मला विचारलं की डायलेसी कशी आहे, तर मी काय सांगू? मडकी करते. गिऱ्हाइकाला अजून दोन्ही हातांनीच देते. पण माझ्या कढईपाशी येऊन बसली की एकच विषय. मामा काय म्हणाला असेल. मी म्हणते, माफ केलं म्हणाला असेल, आणखी काय. ती म्हणते, तुला कसं ठाऊक? मला नाही ठाऊक. कुणालाच नाही ठाऊक, एका बाईला ठाऊक आहे आणि ती हिला दगड समजते.

काल तर मी चिडलेच. म्हटलं, रोज रोज तेच काय, समजा शिवीच दिली असेल म्हाताऱ्यानं, मग?

डायलेसी म्हणाली, "शिवी असती तरी घेतली असती गं मी."