बाईंच्या निरोपाचं गाणं

ही वही कोणी उघडलीच, तर माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकांना माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले.

आज नातीच्या केसांना चमेलीचं तेल लावत होते. ती शाळेतलं निरोपाचं गाणं गुणगुणू लागली आणि मला आमच्या बाई आठवल्या.

बाईंची बदली झाली, तेव्हा ह्या हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्याच्या शाळेत आम्ही पोरींनीही गाणं बसवलं होतं. सरावात शेवटच्या कडव्याला मी रोज रडायचे. निरोपाच्या दिवशी मात्र सगळ्या रडत होत्या आणि माझे डोळे कोरडेच. बाईंना वाटेल, हिला काहीच दुःख नाही. म्हणून मी बोटाला थुंकी लावून ते डोळ्यांखाली फिरवलं.

गाणं संपताच बाईंनी मलाच पोटाशी धरलं. त्यांच्या वेणीला चमेलीच्या तेलाचा वास होता.

"ह्या पोट्टीएवढी माया मले कोणीच नाही लावली," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या.

शेजारी सुमन खरेखुरे हुंदके देत उभी होती. तिनं माझं बोट पाहिलं होतं. ती कोणाला काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

"आजी, रो क्यों रही हो?" नातीनं मान वळवून विचारलं.

"काही नाही गं, तेल गेलं डोळ्यात," मी म्हणाले.